ज्या सकाळी संगु वाजला नाही

गावाला उठवायचं काम माझ्या अण्णांकडे होतं, त्यामुळे पंधराव्या वर्षापर्यंत माझी अशी समजूत होती की सूर्य आधी आमच्या घराकडे बघतो आणि मग वर येतो. कारखान्याच्या आवारात पाण्याच्या टाकीचा मनोरा होता आणि त्याच्या माथ्यावर भोंगा. कारखान्याच्या भोंग्याला इथे तमिळमध्ये संगु म्हणतात, म्हणजे शंख. अण्णा अंधारातच लोखंडी जिना चढून वर जात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहत आणि वेळ झाली की खटका ओढत. मग तो आवाज आधी कण्हल्यासारखा, नंतर चढत चढत कावेरीच्या वाळूपर्यंत जाई आणि सगळं कुंभकोणम् कूस बदले. दर रविवारी अण्णा रेल्वे स्टेशनात जाऊन आपलं घड्याळ तिथल्या घड्याळाशी जुळवून येत. वाटेत कुणी वेळ विचारली तर पुजाऱ्यानं तीर्थ द्यावं तशा सावकाशीनं ती सांगत. आम्हा तंजावरकडच्या मराठी माणसांना इथले लोक रायर म्हणतात. गावात रायर पुष्कळ होते, पण संगु रायर एकच. मी त्यांची मुलगी. वाण्याच्या दुकानात ही ओळख सांगताना माझी मान जरा वर होई. आज आठवलं की त्या मानेवर एक चापट द्यावीशी वाटते.

संगु अर्थातच अण्णांचा नव्हता. तो मोठ्या घराचा होता. मोठं घर म्हणजे मुदलाळींचं घर. मुदलाळी म्हणजे मालक, आणि हा शब्द उच्चारल्यावर कुणाचे मालक, असं विचारायची आमच्या गावात पद्धत नव्हती. पितळी भांड्यांचा कारखाना त्यांचा, भाताच्या गिरण्या त्यांच्या, तिरुविडैमरुदूरला जाणाऱ्या बसगाड्या त्यांच्या. माझा जन्म त्यांच्या प्रसूतिगृहातला, अक्षरओळख त्यांच्या शाळेतली, पहिला सिनेमा त्यांच्या थिएटरातला, आणि आम्ही राहत होतो ती कारखान्यामागची लाईनघरंही त्यांचीच. घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाशी त्यांच्या छापाचा हंस उठवलेला असे. ताक पिऊन पेला उपडा केला की हंस, न्हाताना तांब्या उचलला की हंस. कामगाराच्या मुलीचं लग्न ठरलं की मोठ्या घरून उंच समई येई, आणि ती येऊन लागेपर्यंत नवरीला मांडवात आणत नसत. माझं लग्न ठरायचा पत्ता नव्हता, पण माझी समई सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असणार हे मी ठरवून टाकलं होतं. शाळेत जायचा जवळचा रस्ता सोडून मी मुद्दाम मोठ्या घरावरून जायची, केसात अबोलीचा गजरा, चाल अशी की जणू मलाच आत बोलावणं आहे आणि मीच नको म्हणत्ये. झोपाळ्यावरच्या बायकांनी एकदा तरी मान वळवून विचारावं, कोण गे ही मुलगी, एवढीच इच्छा होती. त्या फाटकातली गाय मात्र रोज बघायची.

आमचं घर म्हणजे पुढे ओटी, मधे एक खोली, मागे चूल. लाईनीतल्या सगळ्या चुलींचं एकच घड्याळ होतं. पहिला संगु झाला की आई डिकॉक्शनवर दूध ओती, आणि अण्णा मनोऱ्यावरून उतरून घरी येईपर्यंत कॉफी दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून, पुन्हा टंबलरात घेऊन, फेस आणून तयार असे. दुसऱ्या संगुला भात चुलीवर चढे. दुपारच्या संगुला मामी लोक पापड आत घेत. दिवसभर पलीकडच्या शेडमधून पितळ ठोकल्याचा आवाज येई, इतका सतत की तो आवाज आहे हे आम्हाला सुट्टीच्या दिवशीच कळे. रविवारी आई वांग्याची रसवांगी करी, उडदाचं डांगर कालवी, आणि जेवण झालं की अण्णा ओटीवर बसून पानाच्या शिरा नखानं सोलत. माझी नातसून नाशिकची. तिला मी डांगराची पच्चडी वाढली तेव्हा ती म्हणाली, आजी, याला आमच्याकडे नुसतं डांगर म्हणतात. म्हटलं, आमच्याकडे तीनशे वर्षांत दुसरं काही वाढलं नाही, निदान नाव तरी वाढू दे.

माझ्या पंधराव्या वर्षी अण्णांना जिना चढताना धाप लागू लागली होती. मधल्या टप्प्यावर बसून ते एक पान खात आणि मग उरलेल्या पायऱ्या चढत. त्यासाठी घरून जरा लवकर निघत. आईनं एक-दोनदा सुचवलं, मुदलाळींना सांगून दुसरा माणूस मागून घ्या. अण्णा म्हणाले, दुसऱ्याच्या हातानं वाजला तर गावाला लगेच कळेल. भोंगा कुणीही वाजवला तरी भोंग्यासारखाच वाजतो, हे त्यांना कुणी सांगावं? मी तर सांगणारच नव्हते. संगु रायरांची मुलगी हे माझं एकुलतं एक भांडवल होतं.

संगु एकाच कारणासाठी गप्प राही. मोठ्या घरात कुणी गेलं की. मुदलाळींचे वडील वारले तेव्हा पहिल्यांदा तसं झालं, मग त्यांची आई, मग धाकटा भाऊ. दवंडी नाही, निरोप नाही. सकाळी संगु वाजला नाही की गावानं ओळखायचं. त्या दिवशी मोठ्या घरातून प्रेत हलेपर्यंत लाईनीत चूल पेटत नसे, दुकानांच्या फळ्या उघडत नसत, बसगाडीच्या पुढच्या काचेवर काळं फडकं लागे, आणि सगळे कामगार बायकापोरांसह मोठ्या घराच्या अंगणात रडायला जात. त्या एका दिवशी फाटक सगळ्यांना उघडं असे. आत चौकात कोरीव खांब आहेत, आरशासारखी फरशी आहे, असं जाऊन आलेल्या बायका सांगत. धाकटा भाऊ वारला तेव्हा मला गोवर आला होता, आणि ती संधी हुकल्याचं दुःख मी कितीतरी दिवस बाळगून होते.

म्हणून त्या पावसाळ्यात मुदलाळींना ताप भरला तेव्हा गाव देवळात अर्चना करत होतं आणि मी न्हाणीघरात तांब्याच्या चकचकीत बुडात बघून रडायची तालीम करत होते. तोंड वाकडं न करता रडायचं, आवाज शेवटी जरा कापला पाहिजे, पदर एकदाच डोळ्याला लावायचा. खोटं रडत नव्हते हं. ते गेले तर गावाचं कसं होईल, या विचारानं खरंच भरून यायचं. पण भरून आलं की लगेच तांब्याच्या बुडात बघायची, दिसतं कसं ते.

त्या सकाळी मी आवाजानं नाही, उजेडानं जागी झाले. खिडकीतून ऊन चटईवर आलं होतं. आई चुलीपाशी दुधाचं भांडं हातात धरून उभी होती. समोरच्या घरातली पट्टम्मा मामी दारात आली. तिनं हात कारखान्याच्या दिशेनं करून तळवा उलटा केला. आईनं भांडं खाली ठेवलं आणि चुलीतल्या पेटलेल्या काटक्यांवर पाणी ओतलं. तो चर्रकन झालेला आवाज लाईनीतल्या दारादारातून येत गेला. अण्णा आले नाहीत, याचं कुणालाच काही वाटलं नाही. त्यांना आधीच कळलं असणार, ते मोठ्या घरी गेले असणार, प्रेतापाशी उभे असणार. सगळं जागच्या जागी बसत होतं. कारखान्याच्या फाटकावरच्या गोविंदननंही तेच धरून चाललं. रायर आत गेलेले त्यानं पाहिले होते, संगु वाजला नाही, म्हणजे मागच्या वाटेनं त्यांना मोठ्या घरी बोलावलं. त्यानं फाटकाला कुलूप घातलं आणि कामावर आलेल्या लोकांना सांगितलं, इथं काय, तिकडे चला.

आईनं तिचं साधं लुगडं नेसलं, मला गजरा काढायला लावला. मी तो काढला, पण फेकला नाही, मडक्याच्या गार कडेवर ठेवला, संध्याकाळी घालता यावा म्हणून. रस्त्यात फुलवाले जाड गुलाबाचे हार गुंफायला बसले होते. महामहम् कुंडाकडच्या एका मांडवात नागस्वर, म्हणजे इथली सनई, मधेच थांबलं. सिनेमाच्या पोस्टरवर कुणीतरी चटई टांगली होती. ढगाळ हवेत एवढं मोठं गाव इतकं गप्प मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कोविडच्या दिवसांतही नाही; तेव्हा निदान टीव्ही बडबडत होते.

मोठ्या घराचं फाटक बंदच होतं. आतला पहारेकरी गर्दी बघून गोंधळला, पण एवढी माणसं रडत आली म्हणजे आपल्यालाच काही कळलेलं नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं फाटक उघडलं. आम्ही अंगणात शिरलो. बायकांनी गोल धरला, छाती पिटायला सुरुवात झाली. आई माझ्या शेजारी डोळे मिटून रडत होती, मोठ्यानं नाही. मोठ्यानं मी रडत होते. काय रडले मी! आवाज शेवटी कापला. पदर एकदाच लावला. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. आमच्या वडिलांसारखे, आमचा आधार, आमची सावली, जे काही सुचेल ते मी तमिळमधून म्हणत होते, आणि एक डोळा आतल्या चौकाच्या दाराकडे होता. खांबांचा एक तुकडा दिसतही होता. आता आत घेतील, आता घेतील.

आणि वरच्या गॅलरीचं दार उघडून मुदलाळी बाहेर आले.

केस विस्कटलेले, वेष्टी कशीबशी गुंडाळलेली, खांद्यावर टॉवेल. ताप उतरून त्यांना गाढ झोप लागली होती, आणि संगु न वाजल्यामुळे तेही उठले नव्हते. तेही त्याच्यावरच उठत, हे तेव्हा गावाला कळलं. पुढची बाई हाताचा पंजा छातीशी तसाच धरून थांबली. माझा हुंदका सुरू झालेला होता, तो अर्ध्यावर आवरता येईना. त्या सगळ्या शांततेत तेवढा एकच आवाज, बेडकासारखा.

मुदलाळींनी कठड्यावरून वाकून आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

  लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी हसलं, कुणी हात जोडले, मागून कुणी देवाचं नाव घेतलं. आईनं मात्र माझं मनगट घट्ट धरलं.

"मग संगु का नाही वाजला गे?" ती म्हणाली. मलाच विचारत होती, मराठीत, घरात विचारावं तसं.

त्यानंतर ती पळाली. आईला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिला पळता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. चपला अंगणातच राहिल्या. माणसं बाजूला झाली. कारखान्याच्या फाटकाशी गोविंदन म्हणाला, आत कुणी नाही, आणि म्हणतानाच त्याचा चेहरा बदलला आणि कुलपाला किल्ली लागेना. अण्णा मधल्या टप्प्यावर होते. भिंतीला टेकून बसलेले, एका बाजूला कललेले. पानाचा डबा मांडीवर उघडा, एक पान सोललेलं. मनगटावरचं घड्याळ चालू होतं.

प्रसूतिगृहातले डॉक्टर आले. सकाळीच लगेच गेलेले दिसत नाहीत, असं ते हलक्या आवाजात गोविंदनला म्हणाले. आईनं ते ऐकलं. मीही ऐकलं. मग तिनं कधी कुणाला त्याबद्दल काही विचारलं नाही. गाव फळ्या लावत होतं, आम्ही चुली विझवत होतो, मी गजरा गार जागी ठेवत होते, तेव्हा अण्णा त्या टप्प्यावर होते. यापलीकडे ते वाक्य मी कधी पुढे नेलेलं नाही. या वयातही नाही.

अण्णांना जिन्यावरून उतरवत होते तेव्हाच कुणीतरी त्यांच्याजवळून वर गेलं. मोठ्या घरून निरोप होता. जिवंत माणसाचा शोक झाला, हा अपशकुन, तो आधी मोडला पाहिजे. आमच्या डोक्यावर संगु वाजू लागला. नेहमीपेक्षा कितीतरी वेळ, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. अगदी अण्णांच्या हातच्यासारखाच. भिंतीपलीकडे फळ्या निघाल्याचे आवाज आले, बसचा हॉर्न आला, कुणीतरी मुदलाळींचा जयजयकार केला. आणि आम्ही अण्णांना घेऊन लाईनीत शिरलो तोवर दोन्ही बाजूंच्या घरांतून कॉफीचा वास यायला लागला होता. लोकांचं काही चुकलं नाही. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

मला रडू आलं नाही. मोठ्या घराच्या अंगणात जेवढं होतं तेवढं सगळं मी सांडून आले होते. पट्टम्मा मामी पाठीवरून हात फिरवत राहिली, रड गे बाई, मोकळी हो. मी मडक्याच्या कडेवरच्या गजऱ्याकडे बघत बसले. तो अजून ताजा होता.

आमचं सुतक फिटलेलं नव्हतं, आणि मोठ्या घरी आयुष्यहोम झाला. ज्योतिष्यानं सांगितलं होतं, मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, अशुभ काही नाही, उलट चांगलंच. गावभर गोड पोंगल वाटला. लाईनीतल्या प्रत्येक घरी पितळी डबा आला, बुडाशी हंस असलेला. डबा आणणारा माणूस आमच्या दाराशी येऊन थबकला. सुतकाच्या घरात गोड द्यायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं उठून डबा त्याच्या हातातून घेतला. मला वाटलं आता ती तो रस्त्यावर भिरकावणार, आणि माझ्यातली सिनेमा पाहणारी मुलगी त्यासाठी सरसावून बसलीही होती. आईनं पान मांडलं, त्यावर पोंगल वाढला, तूप निथळत होतं, काजू होते, आणि एक घास घेऊन माझ्याकडे पान सरकवलं.

"खा," ती म्हणाली. "हे त्यांचं नव्हे, अण्णांचं. त्यांचं उरलेलं आयुष्य त्या घरी लागलंय. तिथनंच आलंय हे."

मी खाल्लं. चांगला झाला होता.

मोठ्या घरानं आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही, हे सांगायला हवं. लाईनीतलं घर राहिलं, आईला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, माझ्या लग्नात समई आली. इतरांच्या समयांएवढीच. मोठ्या घराच्या आत जायला मात्र मला म्हातारपण यावं लागलं. आता तिथे हॉटेल आहे, नातू घेऊन गेला होता. कोरीव खांबाला टेकून मी एक पाणचट कॉफी प्यायले. आईचं एकच चाले. मुदलाळी बरे आहेत ना, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. सर्दी झाली कळलं तर आल्याचा काढा पाठवी. जपायला सांगा म्हणावं, पावसात फिरू नका म्हणावं. लोक म्हणत, काय ही निष्ठा, नवरा गेला तरी अन्नाला जागते. आई ऐकून घेई. मला एकटीलाच ठाऊक होतं की ती दुसऱ्याच कुणाला तरी जपत्ये. मुदलाळी जगले, खूप जगले. स्टेनलेस स्टील आलं, पितळ गेलं, कारखान्याला कुलूप लागलं, संगु भंगारात गेला, ठोकल्याचा आवाज थांबला आणि गाव मोबाईलवर उठू लागलं, तरी ते होते.

ते गेले त्या सकाळी गावाला कळलंच नाही. गप्प राहायला संगुच नव्हता. दूध घालणाऱ्यानं दारात सहज सांगितलं, म्हातारे मुदलाळी पहाटे गेले म्हणे. आई तेव्हा माझ्याकडेच होती, अंथरुणाला खिळल्यासारखी, नव्वदीच्या पुढची, दिसत नव्हतं फारसं. तिनं भिंत धरून उठायला सुरुवात केली. म्हटलं, काय हवंय? तिला न्हायचं होतं, डोक्यावरून. मी पाणी काढलं, तिला न्हाऊ घातलं, पंचानं केस टिपले. मुदलाळींकडे कुणाला पाठवायचं का, असं मी विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. मग मी आत जाऊन गॅस पेटवला, दूध ठेवलं. सत्तरीला टेकलेली बाई मी, आणि मला कॉफीशिवाय काही सुचत नव्हतं.

"चूल पेटवू नकोस रुक्कू," बाहेरून आईचा आवाज आला. "आज गेले तुझे अण्णा."

आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून, कोण बघतंय याची काही पर्वा न करता. मी गॅस बंद केला. दूध वर आलेलं होतं, ते भांड्यातल्या भांड्यात हळूहळू खाली बसलं.